अंगठीखालची खाज: त्वचेला काय सोसत नाही, ते शोधायचं कसं?

खाज सुरू झाली ती उजव्या हाताच्या अनामिकेला, अंगठीच्या बरोबर खाली. आधी लालसर कडं, मग टाचणीच्या डोक्याएवढे पाण्याचे फोड, मग कातडी सोलवटून भेगा. दोष अर्थातच अंगठीला दिला. काढून ठेवली, पंधरा-वीस दिवसांत बोट निवळलं. पुन्हा घातली, आठवड्यात पुन्हा खाज. एवढा पुरावा हातात आल्यावर कोण शंका घेईल? अंगठी कपाटात गेली. चार महिन्यांनी एका सकाळी डोळेच उघडेनात, इतक्या पापण्या सुजल्या होत्या. आणि पापणीत काही मी अंगठी घालत नव्हतो.

शेवटी पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून बघायची चाचणी, झाली तेव्हा कळलं, की कुठल्याच धातूबद्दल माझ्या त्वचेची काही तक्रार नाही. गुन्हेगार होतं बेसिनवरच्या लिक्विड हँडवॉशमधलं एक प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे वस्तू खराब होऊ नये म्हणून घातलेला पदार्थ. तेच चेहरा पुसायच्या ओल्या वाइप्समध्येही होतं. अंगठी साबणाचं पाणी स्वतःखाली धरून ठेवायची, एवढाच तिचा गुन्हा. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा.

हा लेख ज्यांचा असा वळसा आत्ता कुठे सुरू झालाय त्यांच्यासाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ‘मला केमिकल चालत नाहीत’ हे वाक्य काहीच उपयोगाचं नाही. पाणीसुद्धा केमिकलच. ते वाक्य धरून बसलेला माणूस घरातल्या सगळ्या बाटल्यांकडे संशयाने बघतो, साप साप म्हणून भुई धोपटतो आणि नेमका साप तेवढा निसटतो. बहुतेकांच्या बाबतीत त्रास देणारे पदार्थ एक, दोन, फार तर चार असतात. त्यांची नावं कळली की उरलेलं जग वापरायला मोकळं. खालची सगळी खटपट त्या नावांसाठी.

आधी ठरवा: आग होतेय, की खाज सुटतेय?

त्वचेचा त्रास वरून एकसारखा दिसला तरी आत दोन अगदी वेगळ्या गोष्टी चाललेल्या असू शकतात.

पहिली गोष्ट म्हणजे निव्वळ झीज. त्वचेचा सगळ्यात वरचा थर केसापेक्षाही पातळ असतो आणि तो किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण 5 च्या आसपास. साध्या वडीच्या साबणाचं पाणी 9 ते 10 पीएचचं, म्हणजे चांगलंच अल्कधर्मी. दिवसातून वीस वेळा हात धुणं, भांडी घासणं, फरशी पुसणं यातून त्या थरातली चरबी धुऊन जाते आणि चुरचुर, आग, कोरडेपणा, भेगा सुरू होतात. याला इरिटंट डर्माटायटिस म्हणतात. संपर्कामुळे होणाऱ्या एक्झिमापैकी (म्हणजे इसबापैकी) पाचात चार केसेस या प्रकारच्या असतात. इथे ॲलर्जीचा काही संबंध नाही. पुरेशी तीव्रता आणि पुरेसा वेळ मिळाला तर हे कुणालाही होईल.

दुसरी गोष्ट खरी ॲलर्जी. इथे शरीराच्या संरक्षक पेशींनी एका ठरावीक पदार्थाचा चेहरा लक्षात ठेवलेला असतो. ही ओळख पटायला पहिल्यांदा दहा-पंधरा दिवस लागतात, पण ती पहिल्याच बाटलीत होईल असं नाही. दहा वर्षं सुखाने वापरलेल्या क्रीमचीही एक दिवस ॲलर्जी होऊ शकते. ‘पण मी तर हेच कायम वापरतो’ हा बचाव म्हणूनच टिकत नाही. एकदा ओळख पटली की ती सहसा जन्मभराची, आणि मग अगदी थोडा अंशही पुरतो. इथलं मुख्य लक्षण खाज. आग नंतर.

आता सगळ्यात फसवा भाग. ॲलर्जीचे चट्टे लगेच उठत नाहीत, साधारण एक ते तीन दिवसांनी उठतात. आज चेहरा लाल झाला की आपण आज सकाळी काय लावलं ते आठवतो, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी देतो. परवा काय लावलं होतं ते आठवायला हवं. वापर थांबवल्यावरही चट्टे दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतात. त्यामुळे ‘चार दिवस बंद केलं, फरक पडला नाही, म्हणजे ते नव्हतं’ हाही निष्कर्ष चुकतो.

तिसरा एक प्रकार आहे, कमी आढळणारा पण तातडीचा. काही मिनिटांत गांधी उठणं, ओठ किंवा जीभ सुजणं, घसा आवळणं, श्वास लागणं, चक्कर येणं. असं झालं तर लेख वाचत बसू नका. ते थेट इमर्जन्सीचं काम आहे. जखमा आणि त्वचा निर्जंतुक करायच्या क्लोरहेक्सिडीनमुळेही क्वचित अशी प्रतिक्रिया येते.

मग सगळं थांबवा. खरंच सगळं.

एक-एक वस्तू बंद करून बघायची पद्धत सोयीची वाटते, पण फसते. एकच पदार्थ शाम्पूतही असतो, हँडवॉशमध्येही आणि भांड्यांच्या लिक्विडमध्येही. तुम्ही शाम्पू बदलता, तो उरलेल्या दोघांतून येतच राहतो.

म्हणून चार आठवडे त्वचेवर शक्य तितकं कमी काही लावा. धुवायला कोमट पाणी आणि गरज असेल तिथेच बिनवासाचं, सौम्य क्लेन्झर. ओलावा टिकवायला साधी पांढरी पेट्रोलियम जेली. ती चिकट आहे, शर्टाला लागते, चेहरा तुपाने माखल्यासारखा चमकतो, हे सगळं मान्य. पण तिच्यात पाणी नाही, म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह नाही, वास नाही, आणि तिची ॲलर्जी फारच दुर्मीळ. अंग पुसल्यावर त्वचा किंचित ओलसर असतानाच लावा. पातळ थर पुरतो.

‘सगळं’ म्हणताना लोक काय विसरतात ते माझ्या अनुभवावरून सांगतो: लिप बाम, टूथपेस्ट, दाढीचा फेस, नेलपॉलिश, केसांचं तेल, ओले वाइप्स, आणि जोडीदाराचं परफ्यूम. शेवटचं गमतीने लिहिलेलं नाही. एकाने लावायचं आणि पुरळ दुसऱ्याला उठायचं, हा त्वचारोगतज्ज्ञांच्या ओळखीचा प्रकार आहे. डॉक्टरांनी दिलेली औषधं मात्र मनाने बंद करू नका, त्यांना विचारून ठरवा. पण विचारा नक्की, कारण औषधी मलमंही गुन्हेगार असू शकतात. निओमायसिन हे मलमातलं अँटिबायोटिक ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध आहे, आणि खाजेवर दिलेल्या स्टेरॉइड क्रीमचीच ॲलर्जी असणारे लोकही भेटतात. क्रीम लावल्यावर चट्टा बरा व्हायच्या ऐवजी पसरत असेल तर हे डोक्यात असू द्या.

या चार आठवड्यांत एक वही ठेवा. फार काही लिहायचं नाही. तारीख, काय लावलं, काय हाताळलं, त्वचा कशी आहे. आणि रोज त्याच उजेडात एक फोटो. डॉक्टरकडे जायच्या दिवशी त्वचा हमखास गुळगुळीत असते. तेव्हा हे फोटोच तुमची बाजू मांडतात.

चट्टा कुठे आहे, ते नीट बघा

मला हा सगळ्यात रंजक भाग वाटतो, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. अंगावरची जागा बरंच काही सांगते.

पापण्यांची कातडी अंगावरच्या सगळ्यात पातळ कातडीपैकी. जिथे मूळ वस्तू लावली तिथे काही होत नाही आणि पापणी मात्र सुजते, असं वारंवार घडतं. नेलपॉलिशचं उत्तम उदाहरण आहे: नखांजवळ सगळं ठीक, पण दिवसातून पन्नास वेळा बोट डोळ्याला लागतं, आणि चट्टे उठतात पापण्यांवर. शाम्पूचंही तसंच. डोक्याची कातडी जाड, ती सोसून घेते. ओघळ पापणीवर, कानामागे, मानेवर येतो आणि तिथे लालसर पट्टे दिसतात. केसांच्या रंगाचा त्रास कपाळावर केसांच्या कडेने आणि कानांच्या पाळ्यांवर आधी दिसतो.

काखेत दोन शक्यता असतात. खळग्यात मधोमध पुरळ असेल तर डिओडरंटकडे बघा. खळगा स्वच्छ आणि पुरळ भोवतालच्या कडेने, जिथे कापड घासतं तिथे, असेल तर कपड्याचा रंग किंवा कापडावरची प्रक्रिया हा पहिला संशयित. बोटांच्या बेचक्यात आणि अंगठीखाली असेल तर हात सतत ओले राहतात का ते पाहा. ओठांभोवती असेल तर लिप बाम, टूथपेस्टमधला दालचिनी-पुदिन्याचा स्वाद, आणि ओठ चाटायची सवय. बेंबीखाली नाण्याएवढा चट्टा असेल तर बहुधा पँटचं बटण किंवा पट्ट्याचं बक्कल, म्हणजे त्यातला निकेल हा धातू. त्याचा या लेखाशी तसा संबंध नाही, पण लोक वर्षानुवर्षं साबण बदलत बसतात म्हणून सांगितलं.

आणि चेहरा. पूर्ण चेहरा लाल, पण हनुवटीच्या खालचा भाग आणि कानामागची जागा कोरी असेल, तर उन्हाचा हात असू शकतो. काही सनस्क्रीनमधले ऑक्सिबेन्झोन, ऑक्टोक्रायलीन यांसारखे पदार्थ बऱ्याचदा उन्हाबरोबर मिळून ॲलर्जी करतात. अशांना झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवर चालणारं सनस्क्रीन बरं पडतं. याउलट हनुवटीखालीही, पापण्यांवरही, कानामागेही पुरळ असेल तर पदार्थ हवेतून येतोय. स्प्रे, उदबत्तीसारखा धूर, किंवा नुकताच दिलेला भिंतीचा रंग. पाण्यात मिसळायच्या रंगांमध्ये जे प्रिझर्व्हेटिव्ह असतं, ते रंग वाळल्यावरही काही आठवडे हवेत सुटत राहतं.

लेबल: पुढचं सोडा, मागचं वाचा

बाटलीच्या पुढच्या बाजूला जाहिरात असते आणि मागच्या बाजूला माहिती. ‘हायपोॲलर्जेनिक’ हा शब्दच घ्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1975 मध्ये या शब्दासाठी कंपन्यांना चाचणीचा पुरावा बंधनकारक करायचा प्रयत्न केला. कंपन्या कोर्टात गेल्या आणि 1977 मध्ये तो नियम रद्द झाला. तेव्हापासून तिथे या शब्दाला कायदेशीर व्याख्याच नाही. ज्याला जसा वाटेल तसा त्याने छापावा.

‘अनसेंटेड’ म्हणजे वास येत नाही, एवढंच. मूळ वास दाबायला दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. तुम्हाला हवंय ते ‘फ्रॅग्रन्स-फ्री’, आणि तेही मागची यादी तपासून. ‘नॅचरल’वर तर माझा खास राग आहे. टी ट्री ऑइल, प्रोपोलिस (मधमाश्यांचा डिंक), लॅनोलिन (लोकरीतलं मेण), ओकमॉस (झाडावरचं दगडफूल) ही सगळी निसर्गाची लेकरं, आणि सगळी पॅच टेस्टच्या यादीत मानाने बसलेली. त्वचेला पदार्थ झाडातून आला की कारखान्यातून, हे कळत नाही. तिला रेणू कळतो.

यादी वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. घटक प्रमाणानुसार उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, पण 1 टक्क्याच्या खाली आल्यावर क्रम कसाही असू शकतो. आणि आपले बहुतेक गुन्हेगार त्या 1 टक्क्याच्या खालीच राहतात, म्हणजे यादीच्या शेपटीला. शेवटून वाचायला सुरुवात केली तरी चालेल. अक्षर मुंगीएवढं असतं. फोनने फोटो काढून तो मोठा करून वाचा, दुकानात भिंग घेऊन उभं राहायची गरज नाही.

दुसरी गोष्ट मला कुणी पहिल्या दिवशी सांगितली असती तर माझे चार महिने वाचले असते: जिथे पाणी, तिथे प्रिझर्व्हेटिव्ह. पाणी असलेल्या वस्तूत जंतू आणि बुरशी वाढते, म्हणून तिला काहीतरी घालावंच लागतं. लोशन, लिक्विड सोप, शाम्पू, वाइप्स, कपड्यांचं लिक्विड, भिंतीचा रंग हे सगळं त्यात आलं. पावडर, वडी, निव्वळ तेल, पेट्रोलियम जेली यांना सहसा ती गरज नसते. प्रिझर्व्हेटिव्हचा संशय असेल तर लिक्विडऐवजी पावडर किंवा वडी, हा एवढा बदलही बरंच काही दाखवून देतो.

आता नावं. सुगंध हा सगळ्यात मोठा गट. लेबलवर ‘परफ्युम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ या एका शब्दामागे डझनभर, कधी शंभरावर पदार्थ असतात. युरोपीय संघात 2005 पासून त्यातले 26 नावानिशी छापावे लागतात आणि 2023 च्या नियमाने ती यादी ऐंशीच्या वर गेली आहे. लिमोनीन आणि लिनालूल ही जोडी तुम्हाला जिकडेतिकडे दिसेल. ताज्या स्थितीत हे दोघे बरेच निरुपद्रवी, पण हवेशी संयोग होऊन जे पदार्थ बनतात ते ॲलर्जी करतात. म्हणजे दोन वर्षं अर्धवट उघड्या झाकणाने पडलेली बाटली नव्या बाटलीपेक्षा वाईट.

प्रिझर्व्हेटिव्हमध्ये मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे नाव पाठ करायला अवघड आणि विसरायला त्याहून अवघड. माझा गुन्हेगार हाच. 2000 नंतर तो दुसऱ्या प्रिझर्व्हेटिव्हच्या जोडीशिवाय एकटाच, जास्त प्रमाणात वापरायला परवानगी मिळाली आणि ॲलर्जीची साथच आली. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्माटायटिस सोसायटीने 2013 साली त्याला ‘वर्षाचा ॲलर्जन’, म्हणजे ॲलर्जी करणारा पदार्थ, ठरवलं. 2017 पासून युरोपात तो अंगावर राहणाऱ्या क्रीम-लोशनमध्ये चालत नाही, आणि धुऊन टाकायच्या वस्तूंत दहा लाखांत 15 भाग एवढीच मर्यादा आहे. पण हे नियम सौंदर्यप्रसाधनांचे. भांड्यांचं लिक्विड, फरशीचं क्लीनर, रंग, गोंद यात तो आणि त्याची भावंडं अजून सर्रास भेटतात. नावाच्या शेवटी ‘आयसोथायाझोलिनोन’ दिसलं की बाटली खाली ठेवायची.

दुसरा प्रिझर्व्हेटिव्ह गट हळूहळू फॉर्माल्डिहाइड सोडणाऱ्यांचा: डीएमडीएम हायडँटॉइन, क्वाटर्नियम-15, इमिडाझोलिडिनिल युरिया, डायझोलिडिनिल युरिया, ब्रोनोपॉल. लेबलवर फॉर्माल्डिहाइड हा शब्द कुठेच दिसत नाही, म्हणून ही नावं माहीत हवीत.

आणि पॅराबेन? त्यांच्यावर ‘आमच्यात नाही’ म्हणून इतकी जाहिरात झाली, की सगळ्यांना तेच खलनायक वाटतात. त्वचेच्या ॲलर्जीपुरतं बोलायचं तर उलट आहे. त्याच सोसायटीने 2019 मध्ये पॅराबेनना ‘वर्षाचा नॉन-ॲलर्जन’ म्हणून गौरवलं, इतकी त्यांची ॲलर्जी विरळ. पॅराबेन काढून त्याजागी आयसोथायाझोलिनोन घालणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

केसांच्या गडद रंगातला पीपीडी, म्हणजे पॅरा-फिनायलीनडायअमीन, हा स्वभावाने सगळ्यात तिखट. ‘काळी मेंदी’ म्हणून जे टॅटू काढतात त्यात तो बेसुमार असू शकतो. लहानपणी एकदा काढलेल्या टॅटूमुळे तयार झालेली ॲलर्जी पुढे पहिल्यांदा केस रंगवताना चेहरा सुजवून दाखवते. जेल नेल्समधली, म्हणजे दिव्याखाली वाळवायच्या नेलपॉलिशमधली, ॲक्रिलेट्स हे अलीकडचं दुखणं. घरच्या घरी किट वापरताना न वाळलेलं जेल कातडीला लागलं की धोका. आणि ही ॲलर्जी नखांपुरती थांबत नाही, कारण दातांच्या उपचारांत आणि काही चिकटणाऱ्या वैद्यकीय उपकरणांतही हेच पदार्थ लागतात.

पॅच टेस्ट करून घ्या

चार आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा पडला आणि पुन्हा फिरून आलं, तर घरचा तपास बास. जर्मन भाषिक डॉक्टर योझेफ याडासोन यांनी 1895 मध्ये ही चाचणी मांडली आणि तिचं तत्त्व आजही तेच आहे. संशयित पदार्थांचे छोटे ठिपके पाठीवर चिकटवायचे आणि वाट बघायची.

टोचून लगेच निकाल देणारी चाचणी किंवा रक्त तपासणी ही वेगळी. ती गांधी, शिंका, दमा अशा तत्काळ ॲलर्जीसाठी. संपर्काच्या एक्झिमाला तिचा उपयोग नाही. पैसे देण्याआधी कोणती चाचणी ते विचारा.

पट्ट्या 48 तास पाठीवर राहतात. त्या काढल्यावर एकदा आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी, कधी सातव्या दिवशीही वाचन होतं. मधल्या काळात पाठ भिजवायची नाही, घाम गाळायचा नाही. आणि खाजवायचं नाही, हे लिहायला सोपं आहे. माझ्या पाठीवर डाव्या खांद्याखाली एकच चौकोन पेटला होता आणि मी दोन रात्री दाराच्या चौकटीकडे हावऱ्या नजरेने बघत काढल्या. पट्ट्या निघाल्यावर तिथे बारीक फोडांचा लाल गोल होता, शेजारच्या तिसेक जागा स्वच्छ. इतका स्पष्ट पुरावा मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा मिळालेला नाही.

जाण्याआधी: पाठीवर स्टेरॉइड क्रीम लावू नका, ऊन घेऊ नका, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. गरोदरपणात चाचणी सहसा पुढे ढकलतात. आणि घरातल्या वस्तू पिशवीत घालून सोबत न्या, निदान त्यांच्या लेबलांचे फोटो. यादीतलं नाव आणि तुमची बाटली यांची गाठ पडली तरच निकालाला अर्थ. पॉझिटिव्ह आलेली प्रत्येक गोष्ट आजच्या त्रासाचं कारण असतेच असं नाही.

रिपोर्टवरची नावं रोमन लिपीत, स्पेलिंगसकट फोनमध्ये ठेवा. पर्यायी नावंही डॉक्टरांकडून लिहून घ्या. एका पदार्थाची तीन नावं असणं इथे नेहमीचंच.

नवी वस्तू घरात आणताना

अंगावर राहणारं क्रीम असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात ते चौदा दिवस लावा. एकदा लावून दुसऱ्या दिवशी ‘काही झालं नाही’ म्हणणं पुरत नाही. शाम्पू, साबण, घरगुती क्लीनर यांची अशी चाचणी करू नका, ते दिवसभर अंगावर राहिले तर धडधाकट त्वचाही लाल होईल. एका वेळी एकच नवी वस्तू.

घर

स्वयंपाकघरातल्या ओट्यापासून सुरू करा, कारण हातांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. हातमोजे घाला, पण आत सुती मोजे घालून. घाम आणि आत गेलेलं साबणाचं पाणी मिळून मोजेच त्रास देतात. वीसेक मिनिटांनी काढा, आतून ओले झाले तर लगेच. रबरी मोज्यांमध्ये रबर पक्कं करायला वापरलेले थायुरामसारखे पदार्थ स्वतःच ॲलर्जी करतात. मोजे घालूनही मनगटापर्यंत पुरळ येत असेल तर व्हिनाइलचे वापरून बघा.

हात मळलेले नसतील, फक्त जंतू मारायचे असतील, तर बिनवासाचं अल्कोहोल सॅनिटायझर साबणापेक्षा त्वचेला सोसतं. हे पटत नाही, कारण भेगांवर ते झोंबतं. झोंबणं म्हणजे नुकसान नव्हे, भेग आधीच पडलेली आहे याची ती खूण.

कपडे धुताना पावडर मोजून, थोडी कमीच, आणि एक खळबळणं जास्तीचं. पावडरमधल्या एन्झाइम्सना लोक घाबरतात, पण कपड्यातून ॲलर्जी देण्यात त्यांचा वाटा नगण्य आहे. खरा उपद्व्याप सुगंधाचा, त्यामुळे फॅब्रिक कंडिशनर पहिला बाहेर काढा. त्याचा वास कपड्यात टिकावा म्हणूनच तो बनवलेला असतो.

फवारायच्या क्लीनरऐवजी ओतून, फडक्यावर घेऊन पुसा. बारीक तुषार फुप्फुसात जातात, दमा असेल त्याला ते फार बाधतं. एअर फ्रेशनर नकोच. खिडकी उघडा.

घरगुती उपायांच्या नादात जळजळीत प्रयोग करू नका. खाण्याचा सोडा अल्कधर्मी आहे, व्हिनेगर आम्ल. काच आणि नळ पुसायला दोन्ही चांगले, भेगाळलेल्या हाताला दोन्ही वाईट. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात. आणि ब्लीच कशातही मिसळू नका. आम्लात, म्हणजे बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये पडलं तर क्लोरीन वायू निघतो, अमोनियात पडलं तर क्लोरॅमाइन. इथे संवेदनशील त्वचेचा प्रश्न नाही, कुणाचाही जीव जाऊ शकतो.

वासानेच डोकं दुखतं, त्याचं काय?

काहींना पुरळ उठत नाही. परफ्यूम, रंग, डांबर यांच्या नुसत्या वासाने डोकं ठणकतं, मळमळतं, छाती भरते, विचार सुचत नाही. एकामागून एक वास असह्य होत जातात. याला ‘मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी’ हे नाव 1987 मध्ये अमेरिकी डॉक्टर मार्क कलन यांच्या व्याख्येमुळे रूढ झालं. डॉक्टरांमध्ये त्याच्या कारणावर वाद आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. खरा पदार्थ कोणता आणि बनावट कोणता, हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही, अशा चाचण्यांत रुग्णांना तो फरक भरवशाने ओळखता आलेला नाही. म्हणून त्रास खोटा आहे असं मात्र नाही. डोकं खरंच दुखतं.

अशा माणसाने आधी दमा आणि मायग्रेन तपासून घ्यावेत, दोन्ही वासाने उसळतात आणि दोन्हीवर औषध आहे. घरातला सुगंध कमी करावा, हवा खेळती ठेवावी. पण दर महिन्याला आणखी एक खोली, आणखी एक माणूस, आणखी एक रस्ता टाळायच्या यादीत जात असेल तर तिथे थांबून डॉक्टरांशी बोलायला हवं. ती यादी आपोआप कधी छोटी होत नाही. महागडे ‘डिटॉक्स’, अंगातली विषं बाहेर काढायचे कोर्स विकणारे अशांना बरोबर हेरतात. त्यांना पैसे देऊ नका.

लोकांना सांगताना

‘मला ॲलर्जी आहे’ म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि विसरतो. नाव सांगा. पार्लरमध्ये ‘पीपीडी चालत नाही’, दवाखान्यात ‘निओमायसिन चालत नाही’, रंगाऱ्याला ‘भिंती रंगवल्यावर मी तीन आठवडे इथे झोपणार नाही’. ऑफिसात शेजाऱ्याला परफ्यूम कमी मारायला सांगणं अवघड आहे, मला ते अजून नीट जमलेलं नाही. मी खुर्ची हलवली.

आणि ओळखीच्या बाटलीचं लेबल प्रत्येक वेळी नव्याने वाचा. वेष्टन तेच ठेवून आतलं मिश्रण बदलतात. माझ्या भांड्यांच्या लिक्विडने मला दुसऱ्या वर्षी असंच गाठलं. नुसतं झाकण निळ्याचं हिरवं झालं होतं. तीन दिवसांनी बेचक्यात खाज आली, तेव्हा मागची यादी वाचली. शेवटून दुसरं नाव.

अंगठी आता परत बोटात आहे. हात धुताना काढून बेसिनच्या कडेला ठेवतो, धुऊन कोरडी करूनच पुन्हा घालतो. आतापर्यंत दोनदा ती पाइपात जाता जाता वाचली आहे.